आईची वाटी आणि माझा नकाशा

उन्हाळ्यात विहीर आटली की आमच्या घरी प्यायचं पाणी ओढ्याच्या वाळूतून यायचं. आई वाळू उकरून झरा पाडायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. ती चेपलेली पितळी वाटी काल हाती लागली अन् माझाच मला राग आला.

मी घरातला पहिला पदवीधर, तोही भूगोलाचा. बंधाऱ्याची जागा ठरवायला औशाहून साहेब आले, तेव्हा नकाशा मीच धरला होता. दोन ओघळी मिळतात तिथं मी ऐटीत बोट ठेवलं.

"तिथं झरा कधी लागतच न्हाई, बाबा," आई म्हणाली. "पाणी खडकाच्या भेगांत पळतंय. जांभळीपाशी बांधा. तिथला झरा चैतातबी आटत न्हाई."

"तुला नकाशातलं काय कळतंय? गप बस."

"हाव बाबा, मी आपली वाटीवाली."

साहेब हसले. मीही हसलो. बंधारा माझ्या बोटाखाली झाला अन् दर दिवाळीला कोरडा पडला. मग दुसऱ्या बंधाऱ्यासाठी सात वर्षं कचेरीत खेटे घातले. "त्या ओढ्यावर झालाय की एक!" हेच उत्तर.

गेल्या साली जांभळीपाशी बंधारा झाला. यंदा चैत्रात आमच्या विहिरीला पाणी आहे.