रेपो दर समजला आणि मीच फसली

बायांनो, आज माह्याच तोंडानं माहा घात केला. मी सांगते, शेजारची सुनंदा लिहून देते.

माही नात पुण्यात अकरावीले अर्थशास्त्र शिकवते. अवघड धडा असला की आधी चार वाजता फोनवर मले शिकवते. अंगठेबहाद्दर आजीले समजला, म्हणजे पोरांना समजणारच, असं तिचं म्हणणं.

आठ दिवसांपासून रेपो दर, म्हणजे मोठी बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, चालू होता. मले तो पहिल्याच दिवशी समजला होता. तरी मी रोज विचारत राह्यली, "महागाई वाढली तर मोठी बँक व्याज काऊन वाढवते वं?" तेवढाच अर्धा तास घरात कोणाचा तरी आवाज.

आज पोरगी लई थकलेली वाटली. मले राहवलं नाही. म्हटलं, "दूध उतू जाऊन राह्यलं की आपण चुलीतलं लाकूड मागं ओढतो, तसंच. कर्ज महाग झालं की लोक हात आखडतात, मंग भाव दमानं वाढतात."

ती ओरडलीच, "आजी, पास! आता उद्यापासून तुले त्रास नाही."

"अवं, त्रास कोणी म्हटलं?" म्हणेपर्यंत फोन बंद.

सुनंदा हसून राह्यली. तुम्हीही हसा, पण शिकलेल्यांनो, एक सांगा: अर्थशास्त्रात याहून अवघड काय असते? मले ते वर्षभर समजलं नाही पाहिजे.