चांगल्या गुडघ्याला पट्टी

कोल्हापुरातून मला इथं आणलं ते फुटबॉलनं. नववीत शाळा सोडलेल्याला एरवी कोण विचारतं? पण वाळूजच्या एका कारखान्याला संघासाठी बचावपटू हवा होता. त्यांनी मशीनवर कंत्राटी काम दिलं, सरावाला सवलत दिली. त्यांचं मीठ मी पाच वर्षं खाल्लं. अट एकच, संघात नाव तोवर कामावर नाव.

म्हणून उजवा गुडघा सुजायला लागला तेव्हा दुखण्यापेक्षा यादीचीच भीती वाटली. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यांतल्या जुन्या खेळाडूंची युक्ती केली. पट्टी डाव्या, चांगल्या गुडघ्याला बांधली. समोरचा पट्टी बघूनच पाय घालतो, तर घालू दे तिथं. कोचनीही एकदा पट्टी सोडून तोच गुडघा दाबून पाहिला. "लई नाटकी हाईस रे! कायबी झालं नाय तुला." मी हसलो. आणि पुंडलिकनगरातल्या खोलीचा जिना बसत बसत चढलो.

उन्हाळ्यात एका मोहल्ल्याच्या संघाशी सामना होता. त्यांचा आघाडीचा खेळाडू माझ्याच वयाचा, दाढीवाला, दोन लेकरांचा बाप. वेल्डिंगचं काम करून खेळायचा. चेंडू घेऊन तो थेट माझ्या डाव्या पायावर येत होता. शेवटच्या क्षणी वळला आणि उजव्यावर आदळला. आतून कट्‌कन आवाज आला. माझं डोकं मांडीवर घेऊन तो सांगत होता, "कसम से भाई, तुमची पट्टी देखके मैं दुसरे बाजू से आया!"

पाच वर्षांत मला जपणारा हा एकच खेळाडू भेटला, आणि मी त्यालाही फसवलं होतं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

दवाखान्यात त्यानंच नेलं. घरमालकीण काकू महिनाभर ताट वर आणून देत होत्या. "लाजू नको, पोटभर खाय," म्हणायच्या. घास गिळताना रडू यायचं.

नव्या यादीत माझं नाव नव्हतं. कारखान्याचा माणूस येऊन गेटपास घेऊन गेला. दोन दिवसांनी दाढीवाला आला. खुर्ची असून खाली बसला.

"भाई, तुमच्या जागी मला बोलावलंय. तुम्ही नको म्हणले तर नाय जात."

"जा की. माझ्यासाठी थांबून काय हुणार?"

"परमनंट करतात ना तिथं?"

पाच वर्षांत संघातल्या एकालाही केलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"तुला करतील," मी म्हणालो.

वेल्डिंगच्या मालकाला आजच काम सोडतो म्हणून सांगतो, म्हणाला, आणि चहा न घेताच जिना उतरून गेला.