परतीचं पोहणं

बायको जाऊन चार महिने झाले. भेटायला येणारे चहा पितात आणि माझ्या पोहण्याच्या मास्तरकीबद्दल बोलत बसतात, कारण तिच्याबद्दल काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण त्या मास्तरकीतली एक गोष्ट खोटी आहे. ती मी पसरवली. आता ती नीट करायची आहे.

मी शहापूर तालुक्यातला, भातसा नदीच्या काठचा. चालायला शिकलो त्याच्या मागोमाग पोहायला शिकलो. बायको मुरबाडची, सिद्धगडाच्या पायथ्याची. तिकडे पाणी म्हणजे ओढे, गुडघाभर. तिला पोहता येत नव्हतं. शेवटपर्यंत आलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे मी एका कॉलेजात शिपाई लागलो. आमच्या तालुक्यात तेव्हा कॉलेज कुठलं? हे खाली, रेल्वेच्या वाटेवर शहरात होतं. घंटा द्यायची, फळे पुसायचे, माठ भरायचे. मग प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मनात आलं, कॉलेजांच्या पोहण्याच्या शर्यतीत आपली पोरं उतरावीत. तलाव नाही, शिकवणारा नाही. कुणीतरी सांगितलं, तो शिपाई नदीकाठचा आहे. साहेबांनी मला बोलावलं.

"पोहता येतं?"

"येतं."

"शिकवता येईल?"

"म्हशीलाबी शिकवीन, साहेब."

"म्हशीला येतंच," साहेब म्हणाले. पण काम दिलं.

ठरलं असं की दोन वर्षं बघायचं. पोरं शर्यतीत उजवी ठरली तर मी पोहण्याचा मास्तर म्हणून कायम, आणि कॉलेजच्या मागची एक खोली राहायला. नाहीतर परत माठ. खरं सांगतो, मला मास्तरकीचं काही पडलं नव्हतं. मला खोली पाहिजे होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. बायको गावी माझ्या आईबापाजवळ, मी शहरात पाच जणांबरोबर एका गाळ्यात. आमची भेट रविवारची. आणि आता रविवारीच पोरांना नदीवर न्यायचं होतं, कारण पाणी तिथेच होतं.

गणपती गेले, पूर ओसरला की आम्ही सुरू करायचो. पोरं गाडीने वाशिंदला उतरायची, तिथून चालत आमच्या गावच्या काठावर. आठ पोरं, शहरातली, पायात बूट. गावातली माणसं बघायला यायची. शिकवायची माझी पद्धत बापाची होती. अलीकडून पलीकडे पोहून जायचं आणि परत येताना नावाड्याच्या होडीत बसायचं. दमल्या अंगानं दुसऱ्यांदा नदीत उतरायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. बापाने मला मारून शिकवला होता तो. मी पोरांना तसाच लावला.

बायको रविवारी धुणं घेऊन काठावर यायची. तेवढंच मला बघायला मिळावं म्हणून. आईच्या ते लक्षात आल्याशिवाय राहील का?

"एवढं धुणं निघतं कुठून गो? गावाचं धुवायला घेतलंस काय?" आई ओट्यावरून ओरडायची.

"तुमच्या लेकाचेच कपडे हायेत, आत्या. लय मळवतो," ही पाठ फिरवून म्हणायची आणि निघायची.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी ती मला म्हणाली, "अवो, तुमची पोरं वाकडी पोवतात."

"नदीत तसंच पोवतात. धार उजवीकडून येते, तर उजवीकडं रोख धरायचा, म्हंजे माणूस समोर निघतो. तुला काय ठावं? तू धू."

ती धुवायला लागली.

मुंबईत शर्यत झाली. तलावाचं पाणी हिरवं-निळं, हालत नाही, मधे दोऱ्या बांधून प्रत्येकाची वाट वेगळी केलेली. शिट्टी वाजली आणि माझी पोरं निघाली ती उजवीकडे. एक दोरीला धडकला, एक दोरी ओलांडून दुसऱ्याच्या वाटेत घुसला. पंचांनी त्याला बाद केलं. कडेला बसलेली दुसऱ्या कॉलेजांची पोरं हसून लोळली. "अरे, कसाऱ्याला निघालास का? रूळ इकडे आहेत!" आमचा सगळ्यात दांडगा पोरगा शेवटचा आला, खांदा दोरीने सोलवटलेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "हे काय झालं?" मलाच कळलं नव्हतं. पोरं नदीत तर चोख समोरच्या काठाला लागायची. साहेब रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "अजून एक वर्ष आहे," म्हणाले. "नाही जमलं तर तुमचे माठ आहेतच."

वर्ष गेलं, पुन्हा पूर ओसरला, पुन्हा पोरं आली. मी नुसता ओरडत होतो. "सरळ बघा! सरळ!" एकाला शिवी दिली, तो पुढच्या रविवारी आलाच नाही. रात्री गावच्या घरी जेवताना मी ताट सरकवलं. बायको म्हणाली, "बोलू काय? का परत धू म्हनाल?"

"बोल."

"आमच्याकडं बैल एकाच अंगाला जुपायची सवय लावली, आन मग दुसऱ्या अंगाला जुपला, तर तो वाकडा वढतो. त्याचा काय गुन्हा? त्याची मान तशीच घडली. तुमची पोरं एकाच अंगाला जुपलेली हायेत. जाताना धार उजवीकडून. येताना होडीत. डावीकडून धार त्यांनी कवा खाल्लीच नाय."

इतकी वर्षं नदीत काढली आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पन दमल्यावर परत पान्यात उतरवायचं नाय," मी म्हटलं.

"तर बसवा ना पलीकडं घटकाभर. मी पेज घेऊन येते होडीतनं. घाई कसली हाय? तुमाला रविवारीच तर घरी यायचं असतं."

तसं केलं. पोरं पलीकडे जायची, झाडाखाली आडवी व्हायची, घोटघोट पेज प्यायची. ही आणि मी जरा बाजूला खडकावर बसायचो. आईच्या नजरेबाहेर एवढा वेळ आम्ही लग्नापासून कधी बसलो नव्हतो. काय बोलायचो ते काही मोठं नव्हतं. शेळी व्याली, भाताला दाणा चांगला धरला, खोलीत चूल कुठे मांडायची. खोली मिळाली नव्हती, पण चूल तिने मांडून टाकली होती.

मग ती होडीने आधी अलीकडे यायची, धुण्याच्या दगडावर उभी राहायची आणि परत पोहत येणाऱ्या पोरांवर ओरडायची. "अरे ढोरा, तिकडं कुठं? तिकडं मगर बसलीय!" पोरं पाण्यात हसायची, नाकात पाणी जायचं. "वहिनी, ओरडू नका, बुडेन!" "बूड, मग पेज उरंल मला!"

त्या वर्षी शर्यतीत पोरं सरळ गेली. दांडगा पोरगा दुसरा आला, आणखी एक तिसरा. साहेब स्वतः तलावाच्या काठावर उभे होते. त्यांनी माझा हात धरला. "काय जादू केलीत मास्तर?"

मी म्हटलं, "विचार केला साहेब. दोन्ही अंगानं धार खायला लावली पोरांना. माझ्या डोक्यात आलं."

माझ्या डोक्यात आलं. हे शब्द मी बोललो.

मी कायम झालो, खोली मिळाली. बायको गाठोडं घेऊन आली. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, साहेबांना मी काय बोललो ते. ती चुलीला माती लिंपत होती. "बरं केलंत," म्हणाली. "बायकोनं शिकवलं म्हनला असता तर साहेबानं खोली मलाच दिली असती." आणि हसली. मीही हसलो. विषय संपला असं मी धरलं.

पण मी थांबलो नाही. दर वर्षी नवी पोरं आली की मी तेच सांगायचो, माझी युक्ती म्हणून. पुढे दुसऱ्या कॉलेजांचे मास्तर विचारायला यायचे, त्यांनाही. ती आत चहा करत असायची. भिंत पातळ होती, सगळं ऐकू जायचं. ती एकदाही काही बोलली नाही. बोलली असती तर मी चिडलो असतो, हेही खरं.

गेल्या आठवड्यात तेव्हाचा एक पोरगा भेटायला आला. तोही आता म्हातारा. तो माझ्या युक्तीचं बोलायला लागला, तेव्हा मी त्याला अडवलं. म्हटलं, ते माझं नव्हतं, तिचं होतं, तिला पोहता येत नव्हतं तरी. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हो मास्तर, वहिनींचा आधार मोठाच होता," म्हणाला.

आधार नाही रे, मी म्हटलं. डोकं. डोकं तिचं होतं. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून कळलं, म्हातारा दुःखात बोलतोय असंच त्याला वाटलं. म्हणून लिहून ठेवलं. पोरांना परत पोहत आणायचं हे तिने सांगितलं. मी ऐकलं, तेही एक वर्ष उशिरा.