सड्यावरच्या शाळेतलं गाऱ्हाणं

आत्माराम गुरव मास्तरांना दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं जन्मात कधी जमलं नव्हतं. कुणी "मास्तरानू, आमच्या बैलाला..." एवढं म्हणायचा अवकाश, हे लगेच "काय, खुरकत लागली?" म्हणून मोकळे. बिचाऱ्याला बैल विकायचा असायचा. माणूस वाईट नव्हता, पण जीभ सदा घोड्यावर. पावस गावाच्या वरच्या अंगाला सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, एका खोलीची शाळा होती, तिथे चारही इयत्ता हे एकटे सांभाळायचे. तेव्हा घाई त्यांच्या अंगवळणीच पडली होती म्हणा ना.

अशा माणसाच्या वर्गात गोदा यावी, हा दैवाचा खट्याळपणाच.

गोदा कुणब्याची पोर. बाप मुंबईला गिरणीत, घरी आई जनी आणि दोन गुरं. पोर हुशार होती, डोळ्यांत दिसायचं. पण बोलायला उभी राहिली की पहिल्याच अक्षरावर अडकायची. ओठ थरथरायचे, मान ताठ व्हायची, शब्द काही बाहेर पडायचा नाही. मग मास्तर तिचा शब्द पुरा करायचे, पोरं हसायची आणि गोदा खाली बसायची. गेल्या साली डिपोटी साहेब तपासणीला आले, त्यांनी तोंडी प्रश्न विचारला आणि गोदा गप्प राहिली म्हणून ती होती त्याच इयत्तेत राहिली.

यंदा माघात जनी शाळेच्या पडवीत येऊन उभी राहिली.

"मास्तरानू, हिचा नाव काढून टाका. गुरांमागं तरी जाईल."

"अगो, पण तिला विचार तरी. काय गो गोदा, तुला शाळा—"

"न-न-न—" गोदाने तोंड उघडलं.

"नको म्हणते," जनी म्हणाली.

गोदाने जोरात मान हलवली. तिला 'नको' म्हणायचंच नव्हतं. "नाव नको काढू" असं काहीतरी असावं ते. मास्तरांना प्रथमच जरा चरचरलं, कारण त्यांच्याही ओठांवर 'नको'च आला होता.

"शिमगा झाला की डिपोटी येतील," ते म्हणाले. "तोवर राहू दे. या खेपेलाही वर नाही चढली, तर मीच नाव काढतो."

म्हणाले खरं, पण उपाय काय करावा ते त्यांना ठाऊक नव्हतं. जिभेखाली खडा ठेवून बघितला. रोज सकाळी मध चाटवला. एकदा रागाने छडीही उगारली, आणि स्वतःचीच लाज वाटून खाली ठेवली. गोदाची जीभ होती तिथेच.

शिमगा आला, पालखी घरोघर नाचून देवळात परतली. दुसऱ्या दिवशी मास्तर सड्यावरून चालले होते. काजूच्या झाडाखाली पोरं पालखीचा खेळ मांडून बसली होती. एका दांड्याला फडकं बांधून त्याची पालखी केलेली. आणि पालखीपुढे उभं राहून कुणीतरी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालत होतं.

देवापुढचं गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला गावाचं सुखदुःख सांगायचं, दर वाक्याला थांबायचं, आणि जमलेल्या साऱ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. मास्तरांचे वडील विठू गुरव उभा जन्म देवळात तेच करत आले होते.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी हजर झालीत..."

"व्हय म्हाराजा!"

"कुणाची गाय हरवली आसंल, कुणाचा बापूस मुंबयला आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"...त्याला सुखरूप घरी आण रे म्हाराजा!"

मास्तर जागच्या जागी खिळले. गाऱ्हाणं गोदा घालत होती. एक अक्षर अडत नव्हतं.

त्यांना असा आनंद झाला की टोपी हातात घेऊन ते तसेच शाळेकडे पळत सुटले, आणि शाळेला सुट्टी आहे हे तिथे गेल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून साऱ्या वर्गाचा भूगोल गाऱ्हाण्यात सुरू झाला. गोदाला एकटीला वेगळं काढायचं नाही, हे मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. पाळीपाळीने एकेकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. गावात कुजबुज झाली, मास्तर देवाची थट्टा करतो. गोष्ट विठू गुरवाच्या कानावर गेली. म्हातारा काठी टेकत शाळेत आला, भिंतीला टेकून बसला, सारं ऐकून घेतलं.

"देव रागावणार नाय," तो शेवटी म्हणाला. "पोरीचा शब्द सुटतोय, त्याला बरंच वाटंल. पण 'म्हाराजा' म्हणताना सूर वायच खाली घ्या रे. देव बहिरा नाय."

मग डिपोटी साहेब आले. देशावरचे, उंच, कडक इस्त्रीच्या कोटातले. मास्तरांनी मोठ्या उत्साहाने सांगितलं की आमची मुलं भूगोल एकत्र म्हणतात. साहेबांनी हात वर केला.

"एकत्र नको. एकेकाने उभं राहून. तू. या जिल्ह्यातल्या नद्या सांग."

बोट नेमकं गोदाकडे.

बाहेर गवताचा भारा डोक्यावर घेऊन जनी निकाल ऐकायला थांबली होती. गोदा उभी राहिली. ओठ थरथरले, मान ताठ झाली. "स-स-स—" मास्तरांच्या तोंडात 'सावित्री' येऊन बसली होती. ती बाहेर पडू नये म्हणून त्यांनी उपरण्याचं टोक दातांत धरलं. गोदा नुसती उभी. साहेबांनी टाक उचलला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून, कुणी न सांगता, आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

साऱ्या वर्गाने तो उचलला. "व्हय म्हाराजा!" गोदा अजून काहीच बोलली नव्हती, पोरांनी तिच्या गप्प राहण्यालाच साथ दिली होती. गोदाने श्वास घेतला.

"बा डिपोटी म्हाराजा, वरल्या अंगाला सावित्री वाहते..."

"व्हय म्हाराजा!"

"खेडाला जगबुडी, चिपळुणाला वाशिष्ठी..."

"व्हय म्हाराजा!"

शास्त्री आली, काजळी आली, मुचकुंदी आली, राजापूरची अर्जुना आली. आणि गाऱ्हाणं म्हटलं की शेवटी मागणं यायचंच.

"...तशी ह्या लेकरालाबी वरल्या इयत्तेत ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांनी उपरणं आणखी घट्ट चावलं. साहेबांनी गोदाकडे बघितलं.

"अर्जुनेच्या खाली नद्या संपल्या काय?" ते म्हणाले. "आता साधं सांग. मला घाई नाही."

त्यांनी टाक खाली ठेवला.

"व-व—" गोदा अडली. साहेब थांबले. वर्ग थांबला. मास्तरही थांबले, आणि त्यांच्या लक्षात आलं की सूर राहिला बाजूला, काजूखाली पोरं गोदाला हेच तर देत होती. वाट बघत होती तिची. "व-वाघोटण," गोदा म्हणाली. अडखळत म्हणाली, पण स्वतः म्हणाली.

"बरोबर. चढवली."

पुढे मास्तरांच्या शाळेत कानाने कमी ऐकणारा केरू आला, अक्षरं उशिरा लागणारी राही आली. दर वेळी मास्तरांनी काहीतरी नवं शोधलं. काही साधलं, काही फसलं. पण उपरण्याचं एक टोक कायम चावून चावून विरलेलं असायचं.

तपासणीच्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर पडवीत उभे होते. जनी नि गोदा पाणंदीने घरी निघाल्या होत्या.

"काय विचारलान गो सायबान?" जनीने विचारलं.

"न-न-न—"

जनीने तोंड उघडलं आणि मिटलं. डोक्यावरचा भारा तिने वाटेकडेच्या दगडी गडग्यावर उतरवून ठेवला, लेकीकडे वळली.

"व्हय म्हाराजा," ती हळूच म्हणाली, आणि थांबली.