बारावा शिंपला

तापात दृष्टी गेल्यापासून नऊ वर्षांची पोर तीन आठवडे अवाक्षर बोलली नव्हती. हातात दिलेली प्रत्येक वस्तू ती फेकून द्यायची. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली तिची आत्या हट्टाला पेटली. बोटांना कळतील असे फुगीर टाके घालत तिने क्रोशाने जाड लोकरीचं पांघरूण विणलं आणि चारही बाजूंना शिंपल्याच्या आकाराच्या टाक्यांची किनार विणली.

दुपारी तिने ते भाचीच्या मांडीवर ठेवलं. भाऊ-वहिनी दारात उभे होते.

पोरीने पांघरूण मुठीत आवळलं. आता भिरकावणार, म्हणून वहिनीने डोळे मिटले. पण मूठ सैल झाली. बोटं टाक्यांवरून सरकत किनारीवर आली, एक बाजू संपवून दुसऱ्या बाजूचा एकेक शिंपला चाचपत कोपऱ्यापाशी गेली आणि थबकली.

"आत्या, इथला एक शिंपला राहिलाय गं."

"किती मोजलेस?" आत्याने विचारलं.

"अकरा. त्या बाजूला बारा आहेत."

आत्याने किनारीच्या लोकरीचं टोक सोडवून भाचीच्या हातात दिलं.

"ओढ. उसवू, आणि दोघी मिळून पुन्हा घालू."