फर्म ए

पीएच.डी. करायची ठरवली तेव्हा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये महिनाभर माझी थट्टा चालली होती. विषय होता व्यूहात्मक व्यवस्थापन. “कुणावर चाल करून जाताय? चिपळूणवर की थेट मुंबईवर?” असं इतिहासाचे सर मला रोज विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसायचे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वाणिज्य शाखेला शिकवत होतो आणि माझ्या विषयावरचं एकही पुस्तक अख्ख्या रत्नागिरीत मिळत नव्हतं. सुट्टी लागली की एसटीने मुंबई गाठायची, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून अमेरिकन नियतकालिकांतले लेख उतरवून घ्यायचे आणि परत यायचं. त्या लेखांतल्या कंपन्या मोटारी बनवायच्या, पोलाद ओतायच्या. कंपनीने आपलं बळ ओळखावं, बाहेरची संधी हेरावी, दोहोंचा मेळ घालून लांबचं उद्दिष्ट ठरवावं, असं सगळे लेखक एका सुरात सांगत. मला ते पटायचं. पण तसं करणारा माणूस मी प्रत्यक्ष बघितलेला नव्हता. म्हणून मी गाईडना म्हटलं, एकच छोटा कारखाना घेतो आणि त्याचा मालक निर्णय कसे घेतो ते काही वर्षं जवळून बघतो. गाईड मुंबईचे, हुशार आणि सदा घाईत. “आधी कारखाना मिळवा,” म्हणाले.

कारखाना मिळाला. शहराबाहेर कातळावर, आंब्याचा रस डब्यात भरणारा. मालक मुंबईला एका कंपनीत बॉयलरवर उमेदीची वर्षं काढून गावाकडे परतलेला, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. बँकेचं कर्ज काढून त्याने ही शेड उभारली होती. रस त्याचा, पण डबे जायचे मुंबईच्या एका निर्यातदाराच्या लेबलाखाली. ते आखातात विकले जायचे आणि ते कुणी भरले हे तिथे कुणाला ठाऊक नसायचं.

“काय विचारायचं ते विचारा, मास्तर,” पहिल्याच भेटीत तो म्हणाला. “फक्त तुमच्या पुस्तकात नाव घाला. माझं नि फॅक्टरीचं. दुसरं काय नको मला.”

त्याची बायको चहा घेऊन आली होती. हंगामात ती बायकांच्या बरोबरीने आंबे धुवायला, कापायला उभी राहायची. “नाव नीट लिहा हो,” ती म्हणाली, “बँकवाले दर वेळी चुकवतात.” मी हो म्हटलं. त्यात काही अवघड असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढची काही वर्षं हंगाम आला की मी तिथेच असायचो. माझी एक प्रश्नावली होती, तिच्यापुढे त्याने कधीच हात टेकले नाहीत, मीच टेकले. “यंदा किती फळ घ्यायचं हे कोण ठरवतं?” असं मी विचारलं तर तो म्हणाला, “ठरवायचं काय त्यात? फळ येतं.” आणि खरंच यायचं. राजापूर-लांज्याकडून, आतल्या वाड्यांतून, कुणी टेम्पोने, कुणी बैलगाडीने, न सांगता न विचारता रायवळ आंबा आणून दारात ओतायचे. आलेली गाडी भरलेली परत पाठवायची नाही, हा तिथला रिवाज होता. बागायतदाराचं फळ एकदा नाकारलं की त्याने ते वाटेत टाकून द्यायचं आणि तुमचं घर कायमचं वर्ज्य करायचं. अमेरिकन लेखांमध्ये ‘निर्णय’ नावाचा एक चौकोन असतो आणि त्यातून बाण निघतात. माझ्या आकृतीत तो चौकोन रिकामा राहिला. गाईड वैतागले. मला मात्र त्या रिकाम्या चौकोनातच माझा प्रबंध दिसायला लागला होता, आणि त्या दिवसांइतका आनंद मला अभ्यासात पुन्हा कधी झाला नाही.

मग तो हंगाम आला. निर्यातदाराने आधीच कळवलं होतं, यंदा निम्माच माल उचलेन. आणि नेमका त्या वर्षी आंबा असा लागला की फांद्या टेकू देऊन उभ्या कराव्या लागल्या. गाड्यांची रांग कातळाच्या टोकापर्यंत गेली. मी त्याला म्हटलं, “अहो, माल उचलणार कोण? निम्म्या गाड्या परत लावा.”

“कोणाच्या?” त्याने विचारलं. “रांगेत उभे असलेत ते सगळे माझ्या ओळखीचे. तुम्ही जा नि सांगा त्यांना.”

मी गेलो नाही. त्याने सगळं फळ घेतलं, सगळा रस भरला. पावसाळाभर डबे शेडमध्ये पडून राहिले. निर्यातदाराने पुढच्या वर्षी रत्नागिरीचा माल घेणंच बंद केलं. बँकेने आधी नोटिसा पाठवल्या, मग सील ठोकलं, मग दावा लावला. ज्या बागायतदारांचं फळ त्याने परत पाठवलं नव्हतं ते पैशांसाठी त्याच्या अंगणात येऊन बसायचे. त्यांचंही चुकत नव्हतं.

हे सगळं मी मुंबईला जाऊन गाईडना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “उत्तम. म्हणजे तुमची केस पूर्ण झाली. बुडालेली संस्था अभ्यासाला फार चांगली.” मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, हे मी आज स्पष्ट लिहितो. आणि पुढचं तर त्यांनी सहज सांगितलं. आता नाव घालता येणार नाही. प्रकरण कोर्टात आहे, विद्यापीठाला त्यात ओढू नका. संशोधनात संस्थेची ओळख झाकतातच. ‘फर्म ए’ म्हणा.

मी भांडलो. मालकाची लेखी परवानगी आणून देतो म्हणालो, विभागाकडे अर्ज केला. नकार आला. परत आल्यावर मी त्याला खरं ते सांगितलं. तो अंगणात बाकड्यावर बसला होता, निम्मा उरलेला.

“बुडाला म्हणून नाव नाय?” तो म्हणाला. “अहो, पण बुडाला तो मीच ना? दुसरा कोण आला होता माझ्या बदली बुडायला?” मग म्हणाला, “परत विचारून बघा, मास्तर. साहेब लोक एकदा नाय म्हणतातच.”

मी परत विचारलं. दोनदा विचारलं. तोवर तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की मुंबईच्या युनिव्हर्सिटीत आपल्यावर पुस्तक होतंय, नावानिशी. पैसे मागायला आलेल्यांनाही सांगायचा. दावा चालू असतानाच एका पावसाळ्यात तो बसल्या जागी गेला. प्रबंध ‘फर्म ए’ म्हणूनच टाइप झाला, मला पदवी मिळाली, स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले.

त्याच्या वर्षश्राद्धाला त्याच्या बायकोने निरोप पाठवला, जेवायला या आणि पुस्तक घेऊन या, माणसं बघायचं म्हणतात. मी गेलो. ओटीवर दीर, जावई, वाडीतले लोक बसले होते, त्यांतले काही बागायतदार. तिने मला आतल्या खोलीत बोलावलं, हात पुसले आणि प्रबंध उघडला. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण बँकेच्या नोटिसा इतक्या आल्या होत्या की नवऱ्याचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिला पाठ झालं होतं. ती पानावर बोट फिरवत तो आकार शोधत राहिली. पानामागून पान. मला ते बघवेना.

“वहिनी, नाव नाही त्यात,” मी म्हणालो. “घालू दिलं नाही. इथे ‘फर्म ए’ लिहिलंय, ती म्हणजे त्यांची फॅक्टरी.”

तिने त्या दोन शब्दांकडे बघितलं. रडली नाही. तेवढ्यात ओटीवरून दिराने विचारलं, “वहिनी, मिळालं काय गो नाव?”

“मिळालं तर,” तिने मोठ्याने सांगितलं. “पहिल्याच पानावर आहे.”

तिने प्रबंध मिटला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि कुलूप लावून पानं मांडायला गेली. पहिल्या पानावर माझं आणि गाईडचं नाव होतं.