खाल्लेलं अंगी लागेना

माझा मामा काचेच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये आचारी होता. तिथे त्याला सगळे पोटोबा म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्यालाही ते आवडायचं. भट्टीवरचा एखादा माणूस अर्धं ताट टाकून उठला की मामा हातातला डाव आडवा धरून वाट अडवायचा. "काच फुंकायला वारा कुठून आणणार? बस खाली."

त्या दिवशी कांदे चिरता चिरता त्याच्या पोटात कळ आली. नेहमीची पोटदुखी नव्हती ती. ओट्याला धरून तो वाकला, घामाने निथळला, पण कोणाला बोलला नाही. सगळ्यांची ताटं वाढून झाली आणि मग तो तिथेच फरशीवर बसला. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. आतड्याला रक्त पोचवणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती आणि लहान आतडं जवळजवळ सगळं काळं पडलं होतं. ते कापून काढावं लागलं.

मामी बाहेर बाकावर बसली होती, मी तिच्याशेजारी. डॉक्टरबाई आल्या.

"जठर शाबूत आहे ना?" मामीने विचारलं. "मग पचेल की हळूहळू."

"जठर नुसतं घुसळतं हो, आंबट रस मिसळून लगदा करतं. खरं काम पुढे, लहान आतड्यात. तिथे यकृताकडून पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, अन्नाचे अगदी बारीक कण होतात. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यातून ते कण रक्तात शिरतात. ती लवच गेली. मोठं आतडं आहे, पण त्याचं काम मुख्यतः पाणी शोषायचं."

"म्हणजे खाल्लेलं अंगी लागणार नाही."

"फारसं नाही."

मामीने मान हलवली आणि पिण्याचं पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

मामा घरी आला तो छातीत एक बारीक नळी घेऊन. संध्याकाळी मामी कोपरापर्यंत हात धुवायची, नळीचं तोंड पुसायची आणि खुंटीला दुधासारख्या पातळ औषधाची पिशवी टांगायची. सकाळपर्यंत ती थेंबथेंब रक्तात उतरायची. तेच त्याचं जेवण. डॉक्टरबाईंनी तोंडानेही थोडं थोडं खायला बजावलं होतं. उरलेल्या आतड्यातून अन्न गेलं तरच त्याची लव वाढते, म्हणाल्या होत्या. मामाने एक-दोनदा खाल्लं. पोटात थांबलं नाही. "गळक्या बादलीत पाणी कशाला ओता?" म्हणाला, आणि ताट सरकवलं.

तहान मात्र सतत लागायची, पण साधं पाणी प्यायची बंदी. त्याने उलट अंगातलं मीठ-पाणी वाहून जायचं. मीठ आणि साखर मापात घातलेलं पाणीच प्यायचं, कारण साखरेसोबत मीठ आत शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी. मामा ते कोमट पाणी घोट घोट घ्यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

घरात कोणी रडलं नाही. भांडणही झालं नाही. कारखान्यातले दोघे-तिघे भेटायला आले. पोटोबा म्हणायची त्यांची जीभ रेटेना आणि त्याचं खरं नाव त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते "काय मग?" एवढंच म्हणत राहिले. मी एकदा विचारलं, "मामा, वाईट वाटतं का रे?"

"नाही गं. वाईट वाटत नाही. बरंही वाटत नाही. पंखा फिरतो तसं चाललंय."

मामीच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की माणूस आजारी असला की घरचे वाळतातच. मामाच्या लक्षात वेगळंच आलं. एका दुपारी मीठ-साखरेचं पाणी संपलं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. मामी दाराआड उभी राहून कोरडा पाव पाण्याबरोबर गिळत होती. ओट्यावर दुसरं काही नव्हतं. शेगडी थंड होती.

"हे काय जेवण?"

"तुमच्यासमोर बसून घास उतरत नाही. वास आला तर तुम्हाला..." तिने पाव पदराखाली घेतला. "भूकच नसते हो मला."

मामाने थंड शेगडीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "तुझं आतडं धड आहे ना?"

"आहे."

"मग त्याला उपाशी का मारतेस?"

त्याने शेगडी पेटवली. मी बटाटे सोलून दिले. उभं राहवेना तेव्हा स्टूल ओढून बसला आणि बसून परतलं. दोन ताटं वाढली. मामी त्याच्या ताटाकडे बघत राहिली तेव्हा त्याने एक फोड तोंडात टाकली आणि ती लगदा होईपर्यंत चावली.

"मी खातो, तू खा. माझं थांबेल न थांबेल, तुझं तरी थांबू दे."

त्या दिवशीही त्याला सारखं संडासला उठावं लागलं. दुसऱ्या दिवशीही. पण ताटं दोन वाढली जायचीच, दुपारी आणि संध्याकाळी, थोडी थोडी. चव लागते का विचारलं तर म्हणायचा, "मीठ बरोबर आहे."

असं वर्षभर चाललं. उरलेलं आतडं थोडं रुंद झालं असावं आणि त्याची लव लांबली असावी, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आठवड्यातल्या एका संध्याकाळची पिशवी बंद केली, पुढे आणखी एका. साफ सुटणार नाही, हेही तेव्हाच सांगितलं. ऐकून मामा हसला नाही, हिरमुसलाही नाही. "बरं," म्हणाला.

पिशवी नसलेल्या पहिल्या संध्याकाळी मामीने तिच्या बहिणीकडे जायचं ठरवलं. चपला घालून ती दारात घुटमळली.

"जा," मामा म्हणाला. "जेवूनच ये तिच्याकडे."

ती गेल्यावर त्याने स्वतःपुरतं एक अंडं उकडलं, सोललं आणि खिडकीपाशी बसून खाल्लं. मी त्याला विचारलं, "कसं वाटतंय?"

त्याने थोडा विचार केला. "जरा जास्त शिजलं," म्हणाला.